फर्स्ट इयर, इलेक्ट्रिकल आणि वाळूजचं एक पॅनल शॉप

फर्स्ट इयरला कोण इंटर्नशिप देतं, हे वाक्य कॉलेजात उठता बसता ऐकायला मिळतं. मोठी कंपनी देत नाही हे खरंच आहे, तिला कामाचा माणूस पाहिजे आणि आपल्याला काम येत नसतं. पण संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक भागांत दहा-पंधरा माणसांची कितीतरी छोटी युनिट्स आहेत, तिथं मालक स्वतः फोन उचलतो आणि नीट बोललं तर बघू देतो, फक्त आपण मागताना थोडंसंच मागायचं. मला हे कसं जमलं ते लिहून काढतेय कारण आता नवीन ॲडमिशनवाले ज्युनियर्स रोज विचारायलेत आणि प्रत्येकाला तेच तेच व्हॉइस नोटवर सांगून माझा घसा बसलाय.

मी सेलूची, परभणी जिल्हा. सीईटीला जे पर्सेंटाइल पडलं त्यात कॅप राउंडला, म्हणजे सरकारी ॲडमिशनच्या फेरीत, संभाजीनगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर नाही, इलेक्ट्रिकल लागलं. आमच्याकडं ब्रँच घेत नाहीत, ती लागते. घरी सगळ्यांना वाटलं आता ही महावितरणमध्ये जाणार, आत्यानं तर सरळ विचारलं, "पोरीची जात अन् पोलवर चढणार का ग तू?" मला तिचं हसू आलं पण खरं सांगायचं तर इलेक्ट्रिकल इंजिनियर पोलवर नाही चढत तर मग दिवसभर करतो काय, हे मला पण सांगता आलं नसतं. पप्पांच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, तिचा स्टार्टर, हिरवं बटन लाल बटन, आणि रात्रीच्या पाळीची लाईट आली की बॅटरी घेऊन शेतात जायचं, इलेक्ट्रिकलशी माझी ओळख एवढीच.

कॉलेज सुरू झालं की आधी इंडक्शन, म्हणजे नव्या पोरांना ओळख करून द्यायचा कार्यक्रम असतो, एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, तीन आठवड्यांचा ठरवून दिलेला. त्यात पाहुणे येतात, बोलतात, पॅकेजचे आकडे सांगतात. सकाळी नऊला ऑफिसात गेल्यावर संध्याकाळी सहापर्यंत त्या माणसानं नेमकं काय केलं हे एकानं पण सांगितलं नाही. मला तेच पाहिजे होतं. म्हणून पहिल्या सेमिस्टरची परीक्षा झाली तसं मी लिंक्डइनवर आमच्याच कॉलेजचे, आमच्याच ब्रँचचे पासआउट शोधायला लागले. नोकरी द्या, रेफरल द्या असलं काही नाही, फक्त एवढंच लिहायचे, "नमस्कार दादा (किंवा ताई), मी आपल्याच कॉलेजला फर्स्ट इयर इलेक्ट्रिकलला आहे. तुमचा कामाचा एक साधा दिवस कसा असतो ते दोन मिनिटं व्हॉइस नोटवर सांगाल का? नोकरीसाठी मेसेज नाहीये." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, ते वाचलं की माणूस मोकळा होतो. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही, त्याचं काही वाटून घ्यायचं नाही, ज्यांनी दिलं त्यांनी मात्र भरभरून दिलं.

वाळूजला ऑटो पार्ट्सच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सला असलेले एक दादा म्हणाले, मशीन चालू असताना मला कोणी ओळखत नाही, बंद पडली की सगळ्यांना माझा नंबर पाठ. ब्रेकडाउन झाला की प्रोडक्शनवाले डोक्यावर उभे, किती वेळ लागंल किती वेळ लागंल, आणि तुम्ही सर्किट डायग्राम घेऊन एक सेन्सर शोधताय. महावितरणमधल्या एका ताईनं सांगितलं की पोल कमी आणि कागद जास्त, फीडरचा लॉस म्हणजे लाईनवर वाया गेलेली वीज, थकबाकी, नवीन कनेक्शनचं एस्टिमेट, आणि वादळ झालं की रात्रभर फोन. एक जण सोलरवाला निघाला, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' सुरू झाल्यापासून त्याला गावोगाव फिरण्यातून सवड नाही. एक जण गेट परीक्षेची तयारी करत होता, त्या परीक्षेच्या स्कोअरवर एनटीपीसी, पॉवर ग्रिड असल्या सरकारी कंपन्या घेतात म्हणून. आणि एक ताई अशी भेटली की ती म्हणाली मी पॅनल डिझाइन करते. पॅनल म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, घरातल्या मीटरच्या पेटीसारखं काहीतरी असंल असं वाटलं. तिनं फोटो पाठवला, कारखान्यातल्या मोटरी-मशिनी चालू-बंद करणारी, माणसापेक्षा उंच कपाटं, आत शेकडो वायरी आणि प्रत्येक वायरीला नंबर. तो फोटो मी किती वेळ झूम करून बघत होते.

तिथून ठरलं की सुट्टीत हे प्रत्यक्ष बघायचं.

आधी सगळे करतात तेच केलं, पोर्टल. इंटर्नशालावर फर्स्ट इयरला चालंल असं म्हणून जे सापडतं त्यात कॅम्पस ॲम्बेसेडर, सोशल मीडिया, कंटेंट रायटिंग हेच जास्त, कोअरचं, म्हणजे आपल्या ब्रँचचं खरं काम हाताशी लागत नाही. एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर प्रोफाइल बनवून ठेवली, ती बनवाच, पण तिथं पण आपल्या ब्रँचचं, आपल्या शहरातलं आणि आपल्या वर्षाला चालणारं असं तिन्ही एकत्र जुळणं अवघडच. माझ्या रूममेटला एका ठिकाणाहून अर्ज केल्याबरोबर ऑफर लेटर आलं, ना इंटरव्ह्यू ना फोन, मग व्हॉट्सॲप ग्रुप, मग पहिला टास्क म्हणजे ऑफर लेटर लिंक्डइनवर टाकून त्यांना टॅग करायचं, आणि महिन्यानं सर्टिफिकेटसाठी पैसे भरा. नाव सांगत नाही, असल्यांची नावं दर सुट्टीला बदलतात. ओळखायची खूण सोपी आहे, तुमच्या कामाचं काही बघितलंच नाही आणि सर्टिफिकेटचा रेट मात्र ठरलेला आहे, तर ते दुकान आहे.

दुसरा गोंधळ सरकारी योजनांचा. गावाकडून दर आठवड्याला कोणीतरी फॉरवर्ड पाठवतंच, पंतप्रधान इंटर्नशिप, महिन्याला ५,००० रुपये, फॉर्म भर. ती २०२४ ला सुरू झाली तेव्हाच्या नियमात वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिक्षण चालू नसलेला पाहिजे असं स्पष्ट होतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणवाल्यात बारावी पासला ६,००० लिहिलेलं बघून आमच्या वर्गातल्या पोरांनी धाव घेतली, ती पण शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नाही. कॉलेज सोडून बसलेल्या तुमच्या भावाला बहिणीला ह्या योजना सांगा, आपल्याला नाहीत.

मग कंपन्यांची गेटं. वाळूज म्हणलं की आधी बजाजचं नाव निघतं, १९८५ पासून तिथं प्लांट आहे आणि त्याच्या आजूबाजूला पार्ट बनवणाऱ्यांचं गावच वसलंय. मी आणि एक मैत्रीण अशा दोघी रिझ्युमेच्या प्रिंट घेऊन मोठ्या कंपन्यांच्या गेटवर फिरलो. सिक्युरिटीवाले काका सगळीकडं सारखेच, "अपॉइंटमेंट आहे का? नाही? मग मेल करा." एका ठिकाणी एचआर मॅडम बाहेर येऊन नीट बोलल्या तरी, म्हणाल्या आमच्याकडं थर्ड इयरपासूनच घेतात, ते पण कॉलेजच्या टीपीओकडून, म्हणजे प्लेसमेंट बघणाऱ्या सरांकडून, यादी आली तर. उन्हात फिरून मैत्रीण वैतागली आणि दुसऱ्या दिवशी जालन्याला घरी निघून गेली, तिच्या मामाची स्टील रोलिंग मिलमध्ये ओळख होती, तिनं पुढं तिकडंच इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला जाऊन बसायची परवानगी काढली. जालन्याच्या पोरांनी हे लक्षात ठेवा, सळयांच्या मिलमध्ये मोटरी आणि त्यांचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह बघायला मिळतात, त्या कॉलेजच्या लॅबमध्ये नाहीत.

माझं काम व्हिजिटिंग कार्डांनी झालं. हॉस्टेलच्या एका सीनियर ताईकडं, मसिआनं, म्हणजे इथल्या छोट्या उद्योगांच्या संघटनेनं, २०२४ च्या जानेवारीत शेंद्र्याला ऑरिक या औद्योगिक वसाहतीत जे ॲडव्हांटेज महाराष्ट्र एक्स्पो भरवलं होतं त्यातली कार्डं होती, रबर लावलेला गठ्ठा. ती म्हणाली, घे, मला आता उपयोग नाही. त्यातली पॅनल, ऑटोमेशन, मोटर रिवाइंडिंग अशी कार्डं मी वेगळी काढली आणि फोन करायला लागले. मेल नाही, फोन. सकाळी अकराच्या पुढं आणि जेवणाच्या आधी, तेव्हा शॉपमधली पहिली गडबड संपलेली असते. आणि "सर इंटर्नशिप आहे का" असं विचारायचं नाही, त्याला उत्तर नाही हेच येतं, कारण त्यांच्या डोक्यात लगेच स्टायपेंड, फॉर्म, कॉलेजची लफडी येतात. मी म्हणायचे, "सर, मी फर्स्ट इयर इलेक्ट्रिकल. मला येत काहीच नाही. पण पॅनल कसं बनतं ते बघायचंय, वायरिंगवाल्यांच्या हाताखाली जे पडंल ते करीन, पैसे नको, जमलं नाही तर तुम्ही म्हणाल त्या दिवशी बंद करीन." काही जण हसले, काही म्हणाले दिवाळीनंतर बघू. एक सर म्हणाले, "उद्या ये, पण आधी बघून घे, चारच दिवसांत पळून जातात पोरं."

गेले तर पहिला प्रश्न ड्रॉइंग वाचता येतं का हा नव्हता, तुला काही झालं तर जबाबदार कोण, हा होता. बरोबरच आहे त्यांचं, लाईव्ह सप्लायचं काम आहे. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या, कॉलेजचं पत्र, घरच्यांचं संमतीपत्र आणि विम्याचं काहीतरी. कॉलेजात फर्स्ट इयरसाठी असल्या पत्राचा फॉरमॅटच नव्हता, टीपीओ ऑफिस म्हणे एचओडींकडं जा, एचओडींचा क्लार्क म्हणे टीपीओकडं जा. शेवटी मीच थर्ड इयरच्या पत्राचा फॉरमॅट घेतला, वर्ष बदललं, "शैक्षणिक निरीक्षणासाठी परवानगी द्यावी, विद्यार्थिनी लाईव्ह सर्किटवर काम करणार नाही" अशी ओळ टाकली, टाइप करून नेलं तर एचओडी सरांनी उभ्याउभ्या सही केली. अर्ज घेऊन गेलं की फिरवतात, तयार पत्र नेलं की सही होते. विम्याचं, आमच्या कॉलेजात फी सोबत विद्यार्थी अपघात विमा असतो, त्याची पावती जोडली. तुमच्या फीच्या पावतीत बघा, असू शकतो.

राहायचा प्रश्न होताच कारण सुट्टीत हॉस्टेल बंद. बजाजनगरला आतेभाऊ आणि वहिनी राहतात, दादा कंपनीत शिफ्टला, त्यांच्याकडं राहिले. पप्पांना वाटायलं होतं फुकट काम करायला एवढ्या लांब कशाला. मी म्हणलं विहिरीवरचा स्टार्टर स्वतः खोलून दाखवीन, मग तयार झाले. शहरातून रोज जाणार असाल तर बाबा पेट्रोल पंपावरून शेअर रिक्षा मिळतात, पण आषाढीला छोट्या पंढरपूरला यात्रा असते, त्या दिवशी नगर रोडवर वेळेत पोचायचा विचार सोडून द्या.

आता आतलं. शॉप म्हणजे एक पत्र्याचं शेड, एका बाजूला पावडर कोटिंग होऊन आलेले रिकामे करडे डबे, मधे टेबलं, मागं टेस्टिंगची जागा, वर एसी केबिनमध्ये डिझाइनवाले दोन जण. मला फेरूल प्रिंटरवर बसवलं. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर असलेली पांढरी नळी घालायची, तिला फेरूल म्हणतात. ड्रॉइंग बघून नंबरांची यादी काढायची, प्रिंट मारायची, कापायची, वायरमनला द्यायची. काम कंटाळवाणं आहे, पण यादी काढायची म्हणजे ड्रॉइंगची प्रत्येक रेघ बोटानं फिरावी लागते, आणि आठवडाभरात मला न विचारता कळायला लागलं की कॉन्टॅक्टरची (कॉइलला सप्लाय दिला की ओढला जाणारा स्विच) कॉइल ए१-ए२, १३-१४ म्हणजे नॉर्मली ओपन, २१-२२ म्हणजे नॉर्मली क्लोज, मोटर जास्त करंट ओढायला लागली की ट्रिप करणाऱ्या ओव्हरलोड रिलेचं ९५-९६ कंट्रोलच्या वाटेत येतंच. कोणत्याही कंपनीचा कॉन्टॅक्टर घ्या, हे नंबर तेच.

तिथले सगळ्यात जुने वायरमन, सगळे त्यांना मामा म्हणतात, आयटीआय झालेले, त्यांनी मला स्टार-डेल्टा स्टार्टर शिकवला. बेसिक इलेक्ट्रिकलच्या पेपरात स्टार-डेल्टा रूपांतराची गणितं मी सोडवलेली, फॉर्म्युले तोंडपाठ, पण हे कशासाठी ते कोणी बोललं नव्हतं. मामा म्हणाले, मोठी मोटर सरळ लाईनवर टाकली की चालू होताना ती फुल लोडच्या पाच-सहा पट करंट ओढते, अख्ख्या शेडचे बल्ब बसतात. म्हणून आधी वाइंडिंग स्टारमध्ये जोडायचं, मग प्रत्येक वाइंडिंगला ४१५ च्या जागी २४० व्होल्टच मिळतात आणि लाईनचा करंट डेल्टाच्या एक तृतीयांशावर येतो, मोटर वेग धरली की टायमर तिला डेल्टात टाकतो. त्यासाठी तीन कॉन्टॅक्टर, मेन, स्टार आणि डेल्टा. मी विचारलं स्टार आणि डेल्टा दोन्ही सोबत ओढले गेले तर? मामांनी टेबलावर हात आपटून "धाड!" केलं, सगळे दचकले. म्हणूनच एकाच्या कॉइलच्या वाटेत दुसऱ्याचा २१-२२ घालतात, एक ओढलेला असताना दुसरा ओढूच शकत नाही, त्याला इंटरलॉक म्हणतात. वर्गमुळात तीन कुठून येतो ते मला कॉलेजात कळलं होतं, पण तो तिथं कामून आहे ते शेडमध्ये कळलं.

पुढं मला कंटिन्युइटी चेकिंगला घेतलं, म्हणजे वायर ड्रॉइंगप्रमाणं जोडली आहे का ते बघायचं, सप्लाय नसतानाचं काम. एका माणसानं ड्रॉइंग धरायचं, दुसऱ्यानं मल्टिमीटरची टोकं लावायची, बीप आलं की ड्रॉइंगवर पिवळा हायलायटर. शेवटच्या पानापर्यंत पिवळं झाल्याशिवाय पॅनल मेगरला जात नाही, मेगरनं इन्सुलेशन बघितल्याशिवाय सप्लायला जात नाही. सप्लाय दिला की मात्र मला पिवळ्या पट्टीच्या मागं उभं करायचे आणि मी पण मुकाट उभी राहायचे.

ज्यासाठी गेले होते ते म्हणजे माणसं बघणं. एकच पॅनल, पण त्यावर किती जणांचं पोट आहे बघा. कस्टमरकडं जाऊन किती मोटरी, किती एचपी, जागा केवढी हे लिहून आणणारा सेल्सचा माणूस. त्यावरून कोटेशन काढणारा, त्याला कॉन्टॅक्टरपासून नटबोल्टपर्यंतचे रेट पाठ. डिझाइनवाले, आधी सिंगल लाईन म्हणजे एका रेघेत काढलेला अख्ख्या पॅनलचा नकाशा, मग पॅनलचा बाहेरून आकार, मग वायरिंगची पानं. परचेसवाली ताई, हिचा दिवस फोनवर भांडण्यात जातो, कारण एक रिले आला नाही तरी पॅनल अडकतं. वायरिंग, टेस्टिंग, आणि शेवटी कमिशनिंग इंजिनियर, जो पॅनलसोबत साइटवर जाऊन ते चालू करून देतो. कमिशनिंगवाला दादा आठवड्यानं उगवला, कुठल्यातरी साखर कारखान्यातून, डोळे लाल, म्हणे काल पहाटे चालू झालं. त्याला पगार डिझाइनवाल्यांपेक्षा चांगला, वर साइटचा भत्ता, पण लग्न ठरंना असं तोच हसत सांगायचा.

मी जाताना डिझाइन डोक्यात घेऊन गेले होते, त्या पॅनलवाल्या ताईनं पाठवलेला फोटो बघून. केबिनमध्ये डिझाइनवाल्यांजवळ बसले तेव्हा समजलं की निम्म्याहून जास्त वेळ जुन्या प्रोजेक्टचं ड्रॉइंग कॉपी करून बदल करण्यात जातो. वाईट नाही ते, पण माझं मन टेस्टिंगलाच लागायचं. काहीतरी चालत नाहीये, कारण ड्रॉइंगच्या कुठल्यातरी पानावर आहे आणि ते सापडेपर्यंत जेवायला उठू नये असं वाटतं, हे मला माझ्याबद्दल आधी माहीतच नव्हतं. मालक सरांना म्हणलं तर ते म्हणाले, टेस्टिंगला पोरी कमी येतात, आल्या की टिकतात, कारण त्या एक पान पण सोडत नाहीत. आणि मग साइटचं काय, असं मी विचारलं. सर खरं बोलले, म्हणाले साखर कारखान्याच्या साइटवर रात्री एकट्या मुलीला पाठवायची सोय अजून माझ्याकडं नाही, पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत टीम जाते, तिथं मुली जातात. मला ते उत्तर आवडलं नाही, पण उत्तर खरं मिळालं, कॉलेजच्या सेमिनारमध्ये हा प्रश्न विचारला असता तर टाळ्यांचं वाक्य मिळालं असतं.

स्टायपेंड नव्हताच. सर्टिफिकेटचा मजकूर सरांनी मलाच लिहून आणायला सांगितला. इथं लाजायचं नाही, "इंटर्नशिप यशस्वीरीत्या पूर्ण केली" एवढंच लिहू नका, काय केलं ते लिहा, कंट्रोल वायरिंग ड्रॉइंग वाचन, फेरूल यादी, कंटिन्युइटी चेकिंग, स्टार-डेल्टा पॅनलच्या टेस्टिंगचं निरीक्षण, तारखा, आणि कंपनीच्या लेटरहेडवर शिक्का. मी रोजची डायरी ठेवली होती, एक पान, आज काय बघितलं आणि काय कळलं नाही. सेकंड इयरला आल्यावर त्यातल्या "कळलं नाही"वाल्या ओळी घेऊन इलेक्ट्रिकल मशीन विषयाच्या सरांना जाऊन भेटते, ते आधी वैतागायचे, आता चहा सांगतात.

सेलूला गेले तेव्हा स्टार्टर खोलला, मेन स्विच बंद करून, टेस्टरनं बघून, पप्पा शेजारी उभे. पाच एचपीला स्टार-डेल्टा नसतो, सरळ लाईनवरचाच स्टार्टर आहे, एक कॉन्टॅक्टर आणि एक ओव्हरलोड रिले. पप्पांनी सारखं ट्रिप होतंय म्हणून रिलेची सेटिंग फिरवून शेवटाला नेऊन ठेवली होती. मी मोटरच्या पाटीवरचा अँपिअर वाचून तिथं आणून ठेवली आणि लगेच दुसऱ्या दिवशी परत ट्रिप व्हायला लागली, तर फोन, "तू बिघडवलंस बघ." बिघडलं मोटरीचं बेअरिंग होतं, ती करंट जास्त ओढत होती आणि रिले त्याचं काम करत होता, रिवाइंडिंगवाल्यानं खोलल्यावर निघालं. बेअरिंग बदललं, मोटर चालू आहे. वाळूजच्या सरांचा मागच्या आठवड्यात मेसेज आला, मोठं पॅनल टेस्टिंगला येतंय, सुट्टी कधी लागती. इकडं सबमिशन चालू आहेत, मी टाइमटेबलचा फोटो पाठवून दिलाय.